आकड्याआधी तास विचारा: विषाणूच्या आजारात आणि मोठ्या दुखापतीत रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे

सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) १८० मिलिग्रॅम प्रति लिटर. मांडीचं हाड मोडून त्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा हा दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट असेल, तर मी तो वाचून पुढच्या पेशंटकडे वळते. विषाणूच्या न्यूमोनियाने आजारी असलेल्या माणसाचा हा नवव्या दिवसाचा रिपोर्ट असेल आणि परवा तो ९० असेल, तर मी त्याच्या खाटेजवळ थांबते, श्वास मोजते आणि रात्रीच्या डॉक्टरला त्याचं नाव वेगळं सांगून जाते. दोन्हीकडे आकडा तोच आहे, पण अर्थ पूर्ण वेगळा.

मी अतिदक्षता विभागात काम करते आणि नव्याने रुजू होणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना आणि सिस्टरना राउंडवर शिकवते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हातात रिपोर्टांची फाइल घेऊन बाहेर बसलेल्या नातेवाइकांनाही समजावं अशा भाषेत लिहायचा प्रयत्न आहे, कारण हल्ली रिपोर्ट आमच्याआधी त्यांच्या मोबाइलवर येतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या. विषाणू आणि अपघात या दोन अगदी वेगळ्या घटना वाटतात, पण शरीराची प्रतिकारयंत्रणा दोन्हींना बऱ्याच अंशी एकाच रस्त्याने उत्तर देते. अपघातात जंतू नसतो, तरीही ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, सीआरपी चढतो. चिरडलेल्या पेशींमधून जे बाहेर सांडतं ते शरीराला जंतूसारखं भासतं. २०१० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका संशोधनाने हे फार स्पष्ट दाखवलं. जखमी माणसांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचे) तुकडे फिरत असतात आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांच्यामुळे खवळतात. मायटोकॉन्ड्रिया हे मुळात फार प्राचीन काळी पेशीत वस्तीला आलेले जिवाणू. आपलीच वस्तू बाहेर सांडली की शरीर तिला परकी समजतं. म्हणूनच एका आजारासाठी शिकलेली वाचनाची पद्धत दुसऱ्यालाही बरीचशी लागू पडते.

आधी शून्य तास पक्का करा

कुठलाही रिपोर्ट उघडण्याआधी शून्य तास, म्हणजे इजा किंवा आजार सुरू झाल्याची वेळ, ठरवा. दुखापतीत ते सोपं आहे: अपघाताची वेळ. दाखल झाल्याची वेळ नाही. दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेला पेशंट आपल्याकडे येईपर्यंत दहा तास गेलेले असू शकतात, आणि त्या दहा तासांत आयएल-६ (दाह पेटवणारा रक्तातला संदेश-रेणू) शिखर गाठून उतरायलाही लागलेलं असू शकतं.

विषाणूच्या आजारात शून्य दिवस म्हणजे पहिल्या लक्षणाचा दिवस. हा दिवस विचारून काढावा लागतो, आणि ‘ताप कधीपासून?’ एवढ्या प्रश्नाने तो निघत नाही. अंग कधी मोडून आलं, घसा कधी धरला, कामावरून लवकर कधी यावं लागलं, असं विचारा. पेशंटला आठवत नसेल तर घरच्यांना विचारा. याला इतकं महत्त्व का, तर प्रत्येक विषाणूचं स्वतःचं वेळापत्रक असतं. कोविडमध्ये बिघाड साधारणपणे दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर होत असे. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरतानाचा, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसातला. दिवस माहीत नसेल तर ‘प्लेटलेट ९०,०००’ हे वाचून घाबरायचं की पेशंट सावरतोय असं समजायचं, हे ठरवताच येणार नाही.

दुखापतीच्या पेशंटला अनेकदा दुसरा शून्य तासही असतो. पहिल्या दिवशी जीव वाचवण्यापुरती शस्त्रक्रिया होते आणि हाड पक्कं बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया चौथ्या-पाचव्या दिवशी. त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सीआरपी पुन्हा चढणार, आणि तो चढ शस्त्रक्रियेचा आहे की आत पू होतोय, हे ओळखायला शस्त्रक्रियेची वेळ कागदावर हवी.

कागदावर म्हणजे खरोखरच कागदावर. संगणकात सगळे रिपोर्ट असतात, पण ते एकेक करून उघडावे लागतात आणि डोळ्यांसमोर चढ-उतार दिसत नाही. मी एक आडवा कागद घेते. वरच्या ओळीत आजाराचे दिवस. डाव्या बाजूला सीआरपी, एकूण पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिलची संख्या, लिम्फोसाइटची (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) संख्या, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा). त्याखाली एक जाड रेघ, आणि रेघेखाली त्या त्या दिवशीचा श्वासाचा वेग, ऑक्सिजन किती लागतोय, शस्त्रक्रिया, रक्त चढवलं का, स्टिरॉइड कधी सुरू केलं. रेघेखालचा भाग नसेल तर रेघेवरच्या भागाचा उपयोग फार कमी.

सीआरपी: जुना, स्वस्त आणि अजूनही कामाचा

१९३० साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. ते यकृत बनवतं, आणि बनवण्याचा हुकूम मुख्यतः आयएल-६ कडून येतो. दाह सुरू झाल्यावर चार-सहा तासांत तो वाढू लागतो, जवळजवळ दर आठ तासांनी दुप्पट होतो आणि ३६ ते ५० तासांत शिखरावर पोहोचतो. रक्तातून निम्मा व्हायला त्याला साधारण १९ तास लागतात, आणि हा वेग आजार कुठलाही असला तरी फारसा बदलत नाही. म्हणजे आकडा किती दिसतो हे जवळजवळ पूर्णपणे यकृत तो किती बनवतंय यावर अवलंबून असतं.

याचे दोन उपयोग. पहिला: अपघातानंतर दोन तासांनी आलेला सीआरपी ४ हा काहीही सांगत नाही, तो अजून बनलेलाच नाही. त्यावरून ‘दुखापत किरकोळ’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दुसरा: कारण संपलं असेल तर आकडा भराभर उतरायला हवा. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर, मग उतार, हे नेहमीचं. चौथ्या दिवसानंतरही तो तसाच वर अडून राहिला, किंवा उतरून पुन्हा चढला, तर जखम उघडून बघा, लघवीची नळी, सलाइनची मध्यवर्ती नळी आणि छातीचा एक्स-रे बघा. दुखापतीत सीआरपीचं शिखर किती उंच आहे यापेक्षा हा दुसरा चढ मला जास्त काही सांगतो.

काही सावध करणाऱ्या गोष्टी. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे, त्यामुळे बाहेरून आलेल्या पेशंटचा जुना रिपोर्ट जोडताना एकक वाचल्याशिवाय कागदावर आकडा लिहू नका. यकृत निकामी झालेल्या माणसात सीआरपी हवा तितका चढत नाही, कारण बनवणाराच थकलेला असतो. स्थूल माणसांत तो मुळातच थोडा वर असतो.

आयएल-६ बद्दल बरंच विचारलं जातं, म्हणून थोडं. ते सीआरपीच्या आधी चढतं, दुखापतीनंतर एक-दोन तासांतच, आणि लवकर उतरतं. गंभीर जखमींमध्ये पहिल्या दिवशीचं खूप वाढलेलं आयएल-६ हे पुढे अनेक अवयव निकामी होण्याशी जोडलेलं आहे, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत म्युनिकच्या डॉक्टरांनी ८० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर या पातळीच्या वर गेलेल्या पेशंटांना व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता खूप जास्त असल्याचं दाखवलं. त्याच अभ्यासात सीआरपीची रेषा ९७ ला पडली. पण आयएल-६ ची नळी तासन्‌तास तशीच पडून राहिली तर नळीतल्या पेशीच आकडा बदलू शकतात, आणि वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. नमुना लगेच प्रयोगशाळेत जाणार नसेल तर ही तपासणी पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तातलं आणखी एक प्रथिन, ते जिवाणूंसाठी. विषाणूच्या आजारात इंटरफेरॉन-गॅमा हा शरीराचाच संदेश-रेणू त्याची निर्मिती दाबून ठेवतं, म्हणून नुसत्या विषाणूच्या न्यूमोनियात ते सहसा खाली राहतं, आणि पुढे वर गेलं तर जिवाणूंची भर पडली का हे शोधायचं. दुखापतीत मात्र पहिले एक-दोन दिवस ते जंतूंशिवायही वाढतं. उतरत जातंय ना, एवढं बघा. मूत्रपिंड बंद पडलेल्यांत ते वर राहतं.

फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) मी सगळ्यांचं मागवत नाही. ताप उतरत नाही, रक्ताच्या दोन-तीन प्रकारच्या पेशी एकदम खाली येतायत, प्लीहा वाढली आहे, असं चित्र असेल तर मागवते. अशा वेळी ते १०,००० च्या वर गेलं तर प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशी गिळू लागली आहे का, या दिशेने त्याच दिवशी तपास सुरू झाला पाहिजे.

दुसरी बाजू, जिच्याकडे बघायचं राहून जातं

वरचे सगळे आकडे दाहाचा भडका किती आहे ते सांगतात. पण गंभीर पेशंट दाखल झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी दगावतो, तेव्हा अनेकदा कारण वेगळंच असतं: प्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि रुग्णालयातले जंतू त्याला गाठतात. पूर्वी आम्हाला असं शिकवलं जायचं की आधी भडक्याचा टप्पा येतो आणि तो संपला की मंदीचा टप्पा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या गटाने जबर मार लागलेल्या १६७ पेशंटांच्या पांढऱ्या पेशींमधली जनुकं तपासली. ऐंशी टक्क्यांहून जास्त जनुकांची हालचाल बदललेली होती, आणि भडक्याची जनुकं चढताना नेमक्या त्याच वेळी टी-पेशींच्या (लिम्फोसाइटच्या एका प्रकाराच्या) कामाची जनुकं उतरत होती. दोन्ही एकत्र, पहिल्या काही तासांपासून. ज्यांचं पुढे बिघडलं आणि जे लवकर बरे झाले, त्यांच्यात वेगळी जनुकं नव्हती. बदल किती मोठा आणि तो किती दिवस टिकला, एवढाच फरक होता. हे वाचल्यापासून मी ‘किती’च्या शेजारी ‘किती दिवस’ हा प्रश्न कायमचा लिहून ठेवला आहे.

ही दुसरी बाजू बघायला महागड्या तपासणीची गरज नाही. साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) लिम्फोसाइट असतात. फक्त टक्केवारी वाचून पुढे जाऊ नका, संख्या काढा. एकूण पांढऱ्या पेशी १२,००० आणि लिम्फोसाइट ६ टक्के, म्हणजे ७२०. प्रौढात १,००० च्या खाली म्हणजे कमी. लहान मुलांत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, तिथे वयाचा तक्ता घ्या, हा आकडा वापरू नका.

लिम्फोसाइट पहिल्या दिवशी खाली जाणं नेहमीचंच. ताण आला की कॉर्टिसॉल वाढतं आणि त्या रक्तातून निघून जातात. चौथ्या दिवशी काय, हे महत्त्वाचं. जखमी पेशंटांवर २०१२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, ज्यांची लिम्फोसाइट संख्या चौथ्या दिवसापर्यंत वर आली नाही त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले, मग एकूण पांढऱ्या पेशी वाढलेल्या असोत वा नसोत. विषाणूच्या आजारातही हेच बघा. कोविडमधून सुटलेल्यांच्या लिम्फोसाइट दुसऱ्या आठवड्यात हळूहळू वर यायच्या, न सुटलेल्यांच्या खालीच राहायच्या. म्हणून माझ्या कागदावर चौथ्या दिवसाच्या लिम्फोसाइटच्या चौकोनाभोवती आधीच एक गोल काढलेला असतो.

न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून जे गुणोत्तर येतं ते दोन्ही बाजू एकाच आकड्यात आणतं. वरच्याच पेशंटचे न्यूट्रोफिल ८४ टक्के असतील तर १४. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असतं. मला हे गुणोत्तर आवडतं, कारण ते कुठेही काढता येतं. पण स्टिरॉइडचा एक डोस दिला की न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंती सोडून प्रवाहात येतात, लिम्फोसाइट घटतात आणि गुणोत्तर काही तासांत दुप्पट होऊ शकतं, पेशंटचं काहीही बिघडलेलं नसताना. रेघेखाली स्टिरॉइडची वेळ लिहायची ती यासाठी.

ज्या रुग्णालयात फ्लो सायटोमेट्री (पेशींवरचे रेणू मोजणारी तपासणी) आहे तिथे मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचा एचएलए-डीआर हा रेणू मोजता येतो. जंतूचे तुकडे टी-पेशींना दाखवायला मोनोसाइट हा रेणू वापरतात. तो कमी झाला म्हणजे दाखवण्याचं काम थंडावलं. प्रमाणित पद्धतीत या रेणूला चिकटणारी किती प्रतिपिंडं (अँटीबॉडी) एका पेशीवर बसली ते मोजतात. १५,००० च्या वर ठीक, ८,००० च्या खाली प्रतिकारशक्ती बरीच मंदावलेली. इथेही पहिला आकडा बहुतेक गंभीर जखमींत खालीच असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो वर वळला की नाही यावर पुढच्या जंतुसंसर्गाचा अंदाज बांधता येतो. नमुना बर्फात ठेवून काही तासांच्या आत रंगवायला हवा. बाहेर राहिला तर नळीतच मोनोसाइट जागे होतात आणि आकडा खोटा वर जातो.

२०२० मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी कोविडच्या गंभीर पेशंटांत दाखवलं की आयएल-६ भरपूर वाढलेलं आणि एचएलए-डीआर खाली गेलेला, असं दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतं, आणि आयएल-६ स्वतःच तो दाबून ठेवतं. म्हणजे अपघातात दिसलेली जोडी विषाणूतही दिसली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने वेगवेगळ्या विषाणूंच्या आजारांतली माहिती एकत्र करून ४२ जनुकांचा एक संच मांडला. विषाणू कुठलाही असो, गंभीर आणि सौम्य आजार त्यातून वेगळे काढता येतात. असा संच अजून रोजच्या खाटेजवळ पोहोचलेला नाही. तोवर लिम्फोसाइटची संख्या आणि तिची दिशा हे त्याचं सर्वात हाताशी असलेलं रूप आहे, असं मी धरून चालते.

विषाणूनुसार काय बदलतं

डेंग्यूत प्लेटलेटवर सगळ्यांचं लक्ष असतं. मी आधी हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) बघते. या आजारात जीव धोक्यात येतो तो प्रतिकारयंत्रणेच्या भडक्यात केशवाहिन्या गळू लागून पाणी बाहेर गेल्याने. हिमॅटोक्रिट मूळ पातळीपेक्षा २० टक्के वर गेलं, त्याच वेळी प्लेटलेट झपाट्याने उतरतायत, आणि ताप नुकताच गेलाय, तर पुढचे २४ ते ४८ तास डोळ्यांत तेल घालून बघायचे. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काही असेल तर रिपोर्ट काहीही म्हणो, घरी पाठवायचं नाही. वरच्या आणि खालच्या रक्तदाबातलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं तर तो शॉक आहे, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडतंय.

एचआयव्हीत सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या टी-पेशी) हा जुना आणि भरवशाचा अंदाज. २०० च्या खाली गेल्या की संधिसाधू आजारांचा धोका वाढतो. उपचार सुरू करायला मात्र सीडी४ खाली येण्याची वाट पाहायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून सगळ्यांनाच औषधं द्यायला सांगितलं आहे. आकडा आता कुठल्या आजारांसाठी शोध घ्यायचा आणि कुठली प्रतिबंधक औषधं द्यायची, हे ठरवतो.

कोविडने एक वेगळीच गोष्ट शिकवली. २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अत्यवस्थ झालेल्या ९८७ पेशंटांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच टाइप-१ इंटरफेरॉनला (विषाणू आला की पेशी सोडतात त्या प्रथिनांना) निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. त्या १०१ मध्ये ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणविरहित ६६३ जणांत एकही सापडला नाही. विषाणूविरुद्धचं पहिलं हत्यारच आधीपासून बोथट होतं, आणि आजार येईपर्यंत ते कुणाला कळायचं कारणही नव्हतं. एखादा धडधाकट माणूस साध्या विषाणूने इतका का कोसळतो, या प्रश्नाचं काही अंशी तरी हे उत्तर आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

दुखापतीत फसवणारे आकडे

डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा) मोठ्या दुखापतीत वाढलेलाच असतो. त्यावरून पायात गुठळी आहे की नाही ते ठरत नाही. भरपूर सलाइन आणि रक्त चढवल्यावर पहिल्या दिवशी सगळ्याच पेशींची संख्या पातळ झालेली दिसते, तिला प्रतिकारशक्ती खचली असं समजू नका.

प्लीहा काढली असेल तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही आपोआप चढतात, आणि संसर्ग झालाय की नुसता प्लीहा नसल्याचा परिणाम, हा रोजचा पेच होतो. इथे एक साधा हिशोब उपयोगी पडतो. पाचव्या दिवशी पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर आणि प्लेटलेटला पांढऱ्या पेशींनी भागून येणारा आकडा २० पेक्षा कमी, तर संसर्ग शोधा. प्लेटलेट ३,००,००० आणि पांढऱ्या पेशी १८,००० असतील तर सुमारे १७. शोधायला लागा. प्लेटलेट ६,००,००० असत्या तर ३३ आले असते, आणि मी एक दिवस थांबले असते.

प्रयोगशाळेने ‘बँड सेल’ किंवा अपरिपक्व न्यूट्रोफिल लिहिले असतील तर ती ओळ वगळू नका. अस्थिमज्जा कच्च्या पेशी घाईने बाहेर पाठवते आहे, ही बातमी एकूण संख्येआधी येऊ शकते.

औषध दिल्यावर मोजमापच बदलतं

टोसिलिझुमॅब हे औषध आयएल-६ चं दारच बंद करतं. त्यानंतर सीआरपी काही दिवसांत जवळजवळ शून्यावर येतो आणि रक्तातलं आयएल-६ उलट वाढतं, कारण त्याची उचल थांबते. दोन्ही आकडे काही आठवडे वाचू नयेत. अशा पेशंटला जिवाणूंचा संसर्ग झाला तरी सीआरपी शांत राहू शकतो, म्हणून कागदावर त्या ओळीवर सरळ काट मारा आणि तारीख घाला.

आता रक्तातल्या खुणेवरून, म्हणजे अशा आकड्यावरून, उपचार ठरवण्याबद्दल. रिकव्हरी या कोविडवरच्या ब्रिटिश चाचणीत टोसिलिझुमॅबसाठी अट होती: ऑक्सिजन कमी पडतोय आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त. त्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. नुसता सीआरपी नव्हे, सीआरपी आणि ऑक्सिजन दोन्ही. त्याच चाचणीत डेक्सामिथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्यांचे प्राण वाचवले, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही. सीआरपी बघून घरी बसलेल्या, ऑक्सिजन उत्तम असलेल्या माणसाला स्टिरॉइड सुरू करणं म्हणूनच चूक आहे, आणि हे मी प्रत्येक नव्या तुकडीला निक्षून सांगते.

आकड्याचं वजन किती धरायचं

कोविडमधला मृत्यूचा धोका गुणांत मोजणारा, ब्रिटनमध्ये तयार झालेला ४सी स्कोअर बघा. एकूण २१ गुण. त्यात वयाला ७ पर्यंत गुण आहेत. सीआरपीला, १०० किंवा त्याहून वर गेला तरी, फक्त २. उरलेले श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्धी, युरिया, इतर आजार, लिंग यांचे. हजारो पेशंटांच्या माहितीतून निघालेली ही वाटणी आहे, आणि खाटेजवळ उभं राहिल्यावर जे दिसतं त्याचं वजन तिने रास्त ठरवलं आहे. दुखापतीतही वय आणि इजा किती भागांना किती झाली हे आधी, रक्तातल्या खुणा नंतर.

एखादी नवी तपासणी ‘८० टक्के अचूक’ म्हणून समोर आली तर हा हिशोब स्वतः करा. शंभर पेशंट, त्यांतले दहा पुढे बिघडणार आहेत. तपासणी बिघडणाऱ्यांतले ८० टक्के पकडते, म्हणजे ८. न बिघडणाऱ्या नव्वदांत ८० टक्क्यांना बरोबर ‘ठीक’ म्हणते, म्हणजे १८ जणांना उगाच ‘धोका’ म्हणते. एकूण २६ जणांवर लाल खूण, त्यांतले खरे ८. दुसऱ्या बाजूला ७४ जणांना ‘ठीक’ म्हटलं, त्यांतले फक्त २ चुकले. अशी तपासणी ‘कोण बिघडेल’ यापेक्षा ‘कोणाला साध्या वॉर्डात हलवता येईल’ या प्रश्नाला बरं उत्तर देते. कुठल्या प्रश्नासाठी आपण ती वापरतोय, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

नातेवाइकांशी बोलताना मी सुटा आकडा सांगत नाही. ‘सीआरपी १८० आहे’ ऐकून ते रात्रभर इंटरनेटवर शोधत बसतात. त्यापेक्षा असं सांगा: परवापेक्षा सूज कमी होत चालली आहे, ऑक्सिजन थोडा कमी लागतोय, पण जंतूंशी लढणाऱ्या पेशी अजून वर आलेल्या नाहीत, म्हणून पुढचे चार दिवस नवा संसर्ग होऊ नये याची काळजी घेतोय, आणि तुम्ही भेटायला येताना हात धुऊन, मास्क लावून या. त्यांना काय चाललंय ते कळतं आणि काय करायचं तेही.

पेशंट उठून बसला, खायला लागला, ऑक्सिजन सुटला की रोजची सीआरपी बंद करा. लिम्फोसाइट मात्र सोडताना एकदा बघा. त्या १,००० च्या खाली असतील तर डिस्चार्ज कार्डवर तसं लिहा, दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी परत करायला सांगा, आणि तोवर ताप आला तर घरी औषध घेऊन वाट न बघता थेट यायला सांगा. प्लीहा काढलेली असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या तीन जिवाणूंविरुद्धच्या लसींच्या तारखा त्याच कार्डवर, ठळक अक्षरात.